लेकीच्या दातांना तार लावली आहे, पहिले दिवस कसे काढावेत?

रानजाई | १० जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, चुकभूल द्यावी घ्यावी.

माझी लेक बारा वर्षांची, यंदा सातवीत जाईल. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले आणि डावा सुळा जागा नसल्यामुळे हिरडीत उंचावर, शेजारच्या दातावर चढून बसलेला. इथे साताऱ्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे, मापं, दातांचे साचे असं सगळं करून दीड ते दोन वर्षांचे उपचार सांगितले. मे महिन्यात वरच्या दोन उपदाढा काढल्या. पाच दिवसांपूर्वी दाढांच्या फटींत निळे रबर घातले, तेव्हाच ती कुरकुरायला लागली होती. दाढांमध्ये सुपारीचं खांड अडकलंय असं वाटतं म्हणे. काल दुपारी ते रबर काढून दाढांना कड्या बसवल्या, बाकीच्या दातांवर एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, चिकटवलं आणि तार ओवली. सव्वा तास खुर्चीत होती, हूं की चूं केलं नाही. येताना स्कूटरच्या आरशात दात बघत होती.

रात्री जेवायला बसलो आणि पोळीचा पहिला घास तिनं ताटात परत ठेवला. आज तर साधा भातही चावेना. उजव्या गालाला आतून सोललंय. मघाशी रडत म्हणाली, "आई, उद्याच जाऊन काढून टाकू." मी तिच्याजवळ बसले, डोक्याला तेल लावलं, पण तिला सांगावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. आमच्या घरात आजवर कोणालाही तार लावलेली नाही.

हे दुखणं किती दिवस राहतं? १५ तारखेला शाळा उघडते आहे, डब्यात काय देऊ? आणि तिला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळीच. दरवर्षी १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला शाळेत भाषणं असतात, त्यात ती पहिलीपासून भाग घेते. आज "स" म्हणताना जीभ अडखळते आहे. ते सुधारेल ना?

अश्विनी_के | १० जून, रात्री ११:१५

ताई, आधी एवढंच सांगते की आज आणि उद्या हेच सगळ्यात वाईट दिवस आहेत. माझ्या मुलाच्या वेळी तार लावल्यावर तीन-चार तासांनी दुखायला लागलं, दुसऱ्या दिवशी कळस झाला, चौथ्या दिवशी तो मऊ पोळी खात होता. आठवड्याभरात विषयच संपला. तिला उद्या हे सांगा. कधी संपणार हे माहीत नसलं की मुलं जास्त घाबरतात.

गालाला लागतंय त्यासाठी डॉक्टरांनी मेणाची छोटी डबी दिली असेल, पिशवीत शोधा. वाटाण्याएवढा गोळा बोटात मळायचा, टोचणारं ब्रॅकेट कापसानं कोरडं करायचं आणि त्यावर दाबून बसवायचा. ओल्या ब्रॅकेटवर मेण टिकत नाही, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. चुकून गिळलं तरी काही होत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरू द्या.

उद्या सकाळी नाचणीचं सत्त्व किंवा रव्याची पातळ खीर करा. पिठलं-भात, मुगाची गुरगुट्या खिचडी, केळ्याचं शिकरण, दह्यात कालवलेला मऊ भात, सांबारात बुडवून ठेवलेली इडली. हे आमचं पहिल्या चार दिवसांचं खाणं. डब्यात पहिला आठवडा तूप लावलेली मऊ पोळी दुधात किंवा आमटीत कुस्करून चमच्यासकट दिली होती. मुलांना चारचौघांत चमच्यानं खायला संकोच वाटतो, म्हणून आदल्या दिवशी त्याच्या दोन मित्रांना घरी बोलावून आधीच सांगून टाकलं होतं. त्याचा फार उपयोग झाला.

रानजाई | १० जून, रात्री ११:३२

मेणाची डबी सापडली! लगेच लावलं. "टोचायचं थांबलं" म्हणाली आणि आत्ता कूस वळून झोपली. अश्विनीताई, मनापासून आभार.

दंतमित्र_कोल्हापूर | ११ जून, सकाळी ७:०५

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा दंतवैद्य आहे, जरा सविस्तर लिहितो. आत नेमकं काय चाललंय ते मुलांना समजावून सांगितलं की ती बरंच सोसतात, असा माझा अनुभव आहे. बारा वर्षांच्या मुलीला हे सगळं कळतं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटरचा. दात त्या तंतूंवर झोळीसारखा तोललेला असतो. सुरुवातीची तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते. वाकड्या दातांमध्ये अडकवली की ती वाकते, पण आपल्या मूळ कमानीच्या आकाराकडे परत यायला बघते आणि येताना दाताला हळूहळू सोबत ओढते. ज्या बाजूला दाब पडतो तिथे शरीर हाड विरघळवतं, ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवं हाड घालतं. सध्या दुखतंय ते त्या तंतूंच्या थराला आलेल्या सुजेमुळे. म्हणजे काही बिघडलेलं नाही, काम सुरू झालं आहे. पुढे मोकळ्या जागेत दात सरकवताना महिन्याला साधारण एक मिलिमीटर हा वेग असतो. घाई करून जास्त जोर लावला तर मुळांना इजा होते, म्हणून वर्ष-दोन वर्षं लागतात.

दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालतं, पण किती द्यायचं ते मुलीच्या वजनावर ठरतं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आम्ही शक्यतो टाळतो, कारण दात सरकायला जी सूज लागते तिच्यावरच त्या काम करतात. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. आणखी एक साधी गोष्ट: सुरुवातीच्या काही तारा शरीराच्या उष्णतेला ताणल्या जातात आणि गार झाल्या की मऊ पडतात. थंड पाण्याचा घोट तोंडात धरला की क्षणभर बरं वाटतं ते त्यामुळेही. मात्र बर्फ चावायचा नाही.

उच्चारांची काळजी नको. बाहेरून लावलेल्या तारांनी जीभ फार अडत नाही, ओठांना आणि गालांना सवय व्हायला काही दिवस लागतात. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायला सांगा. ऑगस्टला अजून पन्नास दिवस आहेत.

एक प्रश्न. खोटे कानातले घातल्यावर तिच्या कानाच्या पाळीला खाज किंवा पुरळ येतं का? येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते आणि तारांमध्ये निकेल असतं. तोंडात तिचा त्रास क्वचितच होतो, पण माहीत असलं तर वेगळ्या धातूची तार वापरता येते. खरं तर हे तार लावण्याआधी विचारायचं असतं.

रानजाई | ११ जून, सकाळी ८:२०

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. "म्हणजे माझं हाड नवीन बनतंय?" असं दोनदा विचारलं. कानाचा त्रास नाही, जत्रेतली कानातलीही बिनदिक्कत घालते.

एक गंमत, म्हणजे मला तरी ती फार हृद्य वाटली. सासूबाईंना कवळी आहे. आज सकाळी नातीला जवळ बसवून त्यांनी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली आणि म्हणाल्या, "चावायचं नाही बाय, जिभेनं टाळूवर दाबायचं आणि गिळायचं, मी सात वर्षं हेच करते." दोघी एकाच वाडग्यातून खात होत्या.

गोदातीर | ११ जून, दुपारी २:४०

हळदीबद्दल कोणी सांगितलं का? ब्रॅकेटभोवती जे बारीक रबर असतात ते हळदीनं पिवळे होतात. माझ्या मुलीनं पारदर्शक घेतले होते आणि दुसऱ्या दिवशीच्या आमटीनं सगळे पिवळे झाले. बिचारी शाळेत हातानं तोंड झाकून बसायची. दात पिवळे पडत नाहीत, फक्त रबर, आणि ते पुढच्या भेटीत बदलतात. जांभळा, गडद निळा, हिरवा असे रंग घ्या. आणि रंग तिलाच निवडू द्या.

वरद२२ | ११ जून, रात्री ९:३०

मी इथे वाचत असतो, लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही. मी नागपूरचा, बावीस वर्षांचा. तेरा ते पंधरा वर्षांचा असताना मला तारा होत्या. मुलाच्या बाजूनं काही सांगतो.

दुखणं मला आता आठवतसुद्धा नाही. आठवतं ते म्हणजे दोन वर्षं रोज रात्री आई म्हणायची, "आ कर, दाखव." जेवताना कोणीतरी म्हणायचं, "हे खाऊ नको, एवढे पैसे घातलेत." घरी पाहुणे आले की मला बोलावून दात दाखवायला लावायचे. आईचं प्रेमच होतं, आज कळतं. पण त्या वयात मला वाटायचं की हे तोंड माझं राहिलंच नाही, ते आईचं आणि डॉक्टरांचं झालंय. मग मी ब्रश करायचं टाळायला लागलो. बाथरूममध्ये नळ सोडून नुसता उभा राहायचो. तारा निघाल्या तेव्हा दात सरळ होते आणि वरच्या चार दातांवर ब्रॅकेटच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग होते. ते आजही आहेत. दाताच्या वरच्या थरातलं खनिज झिजलं की ते उमटतात, पूर्ण पुसले जात नाहीत.

ताई, मला जे मिळायला हवं होतं ते सांगतो. तिच्या दातांची फाइल तिच्याकडे द्या. पुढची तारीख तिनं लक्षात ठेवायची, डॉक्टरांना प्रश्न तिनं विचारायचे, तुम्ही फक्त शेजारी बसायचं. आणि ब्रश तपासायचाच असेल तर प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा चिकट थर, दाखवणाऱ्या रंगाच्या गोळ्या मिळतात. चघळली की जिथे घाण राहिलीय तिथे रंग दिसतो. मुलगी स्वतः आरशात बघते, आईला काही बोलावंच लागत नाही.

अश्विनी_के | ११ जून, रात्री १०:०५

वरद, हे वाचून गलबलून आलं. मीही रोज "आ कर" म्हणते. उद्यापासून नाही म्हणणार.

मोगरा_पुणे | १२ जून, सकाळी ११:००

ब्रशबद्दल थोडं. माझ्या दोन्ही मुलांच्या तारा होऊन गेल्या. मधले दाते आखूड असलेला, तारांसाठीचा वेगळा ब्रश मिळतो, तो घ्या. तारेच्या वरून ब्रश खाली तिरका धरून, मग तारेच्या खालून वर तिरका धरून, असं दोनदा फिरवायचं. नुसतं समोरून घासलं तर ब्रॅकेट चमकतात आणि हिरडीजवळची घाण तशीच राहते. शिवाय बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू असावं तसा एक बारीक ब्रश असतो, तो तारेच्या मागून घालायचा. जेवण झाल्यावर निदान खळखळून चूळ, शाळेतसुद्धा. पेस्ट फ्लोराइडची हवी, आपल्याकडे त्यावर साधारण १००० पीपीएम लिहिलेलं असतं. मंजन, मिश्री, राखुंडी यांनी काम होत नाही. रात्रीचा ब्रश कधीच चुकवायचा नाही, सकाळचा एखाद्या दिवशी धावपळीत झाला तरी चालेल असं मी मुलांना सांगितलं होतं. एक तरी नियम अगदी पक्का असावा, म्हणून.

पाण्याच्या धारेचं यंत्र चांगलं आहे, पण ब्रशच्या ऐवजी नाही. आम्ही घेतलं, सहा महिन्यांनी कपाटात गेलं.

इझारकाठ | १३ जून, पहाटे १:१०

मी म्युनिकहून लिहिते. इकडची एक पद्धत सांगते, तुम्हाला थेट उपयोग नसला तरी. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या दातांची वाकडेपणानुसार पाच पायऱ्यांत वर्गवारी करतात. तिसरी किंवा वरची पायरी असेल तर सरकारी आरोग्य विमा खर्च उचलतो. आईवडिलांनी सुरुवातीला २० टक्के वाटा भरायचा, दुसरं मूलही त्याच वेळी उपचार घेत असेल तर त्याचा १० टक्के, आणि उपचार शेवटपर्यंत पूर्ण झाले की तो परत मिळतो. आमच्या लेकाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. पैसे परत आले की त्यातले थोडे त्याच्या सायकलसाठी, असं आम्ही ठरवलं आहे. त्याच्या वर्गात अर्ध्याअधिक मुलांना तारा आहेत, त्यामुळे चिडवण्याचा प्रश्नच आला नाही. साताऱ्यात तिची शाळा कशी आहे, त्याकडे मात्र जरा लक्ष ठेवा.

रानजाई | १६ जून, रात्री ८:४५

तार लावून सात दिवस झाले. काल शाळा उघडली. दुखणं जवळजवळ गेलं, आज दुपारी उकडलेल्या बटाट्याची भाजी आणि मऊ पोळी नेली होती, डबा रिकामा आला.

चिडवण्याचं झालंच. एका मुलानं "रेल्वेचे रूळ" म्हटलं. मी लगेच बाईंना भेटायला निघाले होते. लेक म्हणाली, "थांब ना, मी बघते." आणि आज तिनं वर्गात दंतमित्र डॉक्टरांचं ते झोळीचं आणि हाडाचं फळ्यावर चित्र काढून दाखवलं म्हणे, विज्ञानाच्या तासाला, बाईंना विचारून. तो मुलगा नंतर विचारत होता की माझेही दात पुढे आहेत, किती दुखतं?

वरद, फाइल तिच्याकडे दिली. तिनं त्यावर जांभळ्या शाईनं स्वतःचं नाव घातलंय.

शेतशिवार | १९ जून, दुपारी १२:२०

माझा मुलगा तेरा वर्षांचा. खालचा जबडा मागे, वरचे दात एवढे पुढे की ओठ मिटत नाहीत, शाळेत पडला तर एक दात तुटलासुद्धा. वाशिम जिल्ह्यात राहतो. खाजगीत जो खर्च सांगितला तो या हंगामात शक्य नाही. कापूस झाल्यावर बघू असं मुलाला सांगितलं, तो काही बोलत नाही, फोटोत तोंड वळवतो. काही मार्ग असेल तर सांगा.

दंतमित्र_कोल्हापूर | १९ जून, रात्री १०:१५

दादा, मार्ग आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. त्यांच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात एमडीएस करणारे डॉक्टर, म्हणजे पाच वर्षांची बीडीएस पदवी घेऊन तीन वर्षं फक्त याच विषयाचं शिक्षण घेणारे, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खाजगीपेक्षा बराच कमी असतो आणि मीही असाच शिकलो आहे. तुमच्यासाठी संभाजीनगर किंवा नागपूर, जिथे जाणं-येणं सोपं पडेल ते बघा.

दोन गोष्टी आधीच ठरवा. एक, दर चार ते सहा आठवड्यांनी जावं लागेल, दीड-दोन वर्षं. विद्यार्थी डॉक्टरांचा अभ्यासक्रम संपला तर मधेच केस दुसऱ्याकडे जाते, तेव्हा एक्स-रे आणि कागद तुमच्याकडेही जपून ठेवा. दुसरं, जाणं जमणारच नसेल तर तारा लावून घेऊ नका. तारा लावून सहा-सहा महिने न गेलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा दात किडलेले आणि भलतीकडेच सरकलेले असतात. त्यापेक्षा न लावलेलं बरं.

पण तुम्ही मुलाला लवकर दाखवा, कापसाची वाट न बघता. जबडा मागे असेल तर वाढीच्या वयातच काही उपकरणांनी त्या वाढीचा फायदा घेता येतो. मुलांमध्ये वाढीचा तो जोर साधारण याच वयात येतो आणि मग ओसरतो. तपासणीला जायचा खर्च फक्त प्रवासाचा आणि केसपेपरचा. तुटलेल्या दाताचंही तिथेच बघतील.

शेतशिवार | २० जून, सकाळी ६:३०

डॉक्टरसाहेब, शनिवारी संभाजीनगरला जातो. मुलाला वाचून दाखवलं.

रानजाई | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

काल भाषण झालं. शेंगांच्या टरफलांचा प्रसंग सांगताना "टरफलं" हा शब्द अगदी स्वच्छ आला! रोज दहा मिनिटं आजीला पोथी वाचून दाखवायची ती, त्यातून जीभ सरावली. नंबर आला नाही. त्याचं तिला वाईट वाटलं, पण दातांमुळे नाही, मधेच एक परिच्छेद विसरली म्हणून.

रानजाई | २७ ऑगस्ट, रात्री ११:४०

आज मला रडू आलं, म्हणून लिहिते.

संध्याकाळी तिच्या डाव्या ओठाला आतून फोड दिसला. विचारलं तर गप्प. मग सांगितलं की चार दिवसांपूर्वी कासच्या रस्त्यावर भाजलेलं कणीस खाल्लं तेव्हा एक ब्रॅकेट सुटलं. ते तारेवर गोल फिरत होतं आणि तारेचं टोक ओठाला टोचत होतं. चार दिवस तिनं सांगितलं नाही. का, तर "तू म्हणाली असतीस, सांगितलं होतं ना." कणीस हातात दिलं होतं मीच, दाणे सोडवून द्यायचं माझ्या लक्षात आलं नाही. आणि तरी तिला वाटलं की ओरडा तिलाच बसेल. एवढी दुखणारी गोष्ट चार दिवस तोंडात घेऊन ती माझ्यासमोर जेवत होती.

उद्या रविवार, दवाखाना बंद. काय करू?

दंतमित्र_कोल्हापूर | २८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

घाबरू नका, हे आणीबाणीचं नाही. सुटलेलं ब्रॅकेट तारेवरच असेल तर राहू द्या, त्याला मेण लावून स्थिर करा. टोचणारं टोक पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानं हलकेच दाताकडे वळवून बघा, जमलं नाही तर त्यावरही मेण. घरी तार कापायला जाऊ नका, तुकडा घशात जाऊ शकतो. सोमवारी फोन करून जा, पुढच्या तारखेची वाट बघू नका, कारण तो एक दात तेवढा काळ मागे राहतो.

इतरांसाठीही सांगतो. ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुतेक वेळा ते पोटातून निघून जातं. पण त्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वास लागत असेल किंवा गिळता येत नसेल तर थेट रुग्णालय गाठा.

वरद२२ | २८ ऑगस्ट, सकाळी १०:२०

ताई, मीही लपवायचो. माझी तीन ब्रॅकेट सुटली होती, त्यातलं एक मी महिनाभर लपवलं. तिनं चार दिवसांत सांगितलं, आणि फोड का आला ते खरं सांगितलं. आज तिला एवढंच म्हणा की कणीस मी दिलं होतं.

रानजाई | २८ ऑगस्ट, रात्री ९:१५

म्हटलं. ती खांद्याला चिकटून बसली बराच वेळ. मग म्हणाली, पुढच्या वेळी दाणे काढून वाटीत दे, लिंबू-तिखट लावून, तेही चांगलं लागतं.

गोदातीर | २ नोव्हेंबर, दुपारी ४:००

दिवाळी जवळ आली म्हणून धागा वर आणते. चकली, कडबोळी, कडक शंकरपाळे, चिक्की, बत्तासे यांनी ब्रॅकेट सुटतात. पण मुलांना फराळाच्या ताटाशी नुसतं बसवू नका. बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, मऊ करंजी, पातळ पोह्यांचा चिवडा (दाणे आणि खोबऱ्याचे काप काढून) सगळं चालतं. मी चकलीची भाजणी वाया न घालवता तिचीच मऊ थालीपिठं लावली, वर लोणी. माझ्या लेकीला ती चकलीपेक्षा आवडली. संक्रांतीला तिळाची वडी कडक पाकाची न करता चिकीचा गूळ वगळून साध्या गुळाची मऊ करा.

शेतशिवार | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

कळवायचं राहिलं. संभाजीनगरला मुलाला घेतलं. जबड्यासाठी काढता-घालता येणारं उपकरण दिलं आहे, ते झाल्यावर तारा. पहिला आठवडा बोलताना लाळ यायची, रात्री झोपेत काढून टाकायचा. उपकरण किती तास घातलं ते रोज तो स्वतः वहीत लिहितो, डॉक्टर मॅडम वही बघतात. सकाळच्या एसटीनं दोघं जातो, संध्याकाळी परत. त्या निमित्तानं बापलेकाचं बोलणं होतं. एरवी शेतावर एवढा वेळ मिळत नाही.

मोगरा_पुणे | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सगळ्यांना आधीच सांगून ठेवते. तारा निघाल्या म्हणजे संपलं असं नाही. त्यानंतर रिटेनर असतो, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं, काढता-घालता येणारं उपकरण. ते तंतू नव्या जागी स्थिरावायला बरेच महिने लागतात, तोवर दात जुन्या जागेकडे ओढले जातात. माझ्या धाकट्याचा रिटेनर कॅन्टीनमध्ये कागदात गुंडाळून ठेवला आणि कचऱ्यात गेला. परीक्षा होती म्हणून आम्ही दीड महिना थांबलो, तेवढ्यात पुढचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढले. कागदात कधीच गुंडाळायचा नाही, डबीतच ठेवायचा. गरम पाण्यानं धुवायचा नाही, आकार बिघडतो. हरवला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. त्याचा खर्च आणि कालावधी तारा लावण्याआधीच विचारून घ्या. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

केतकीवन | १९ जानेवारी, रात्री ९:००

सगळा धागा एका दमात वाचला. माझ्या मुलाला, वय अकरा, सोमवारी तारा लावणार आहेत. तो कबड्डी खेळतो आणि बासरी शिकतो. दोन्ही सोडावं लागेल या भीतीनं कालपासून नीट जेवला नाही. रानजाई ताई, तुमच्या लेकीचं कसं चाललंय? तिनं काही सांगितलं तर तो ऐकेल असं वाटतं.

दंतमित्र_कोल्हापूर | १९ जानेवारी, रात्री १०:४०

दोन्ही सोडायची गरज नाही. कबड्डीसाठी तारांवर बसणारा माउथगार्ड, म्हणजे मार लागू नये म्हणून दातांवर घालायचं आवरण, डॉक्टरांकडून घ्या. दुकानातला, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचा असतो तो नको, तारांमध्ये अडकतो आणि दात सरकले की बसत नाही. सामन्यातच नाही, सरावालाही घालायचा. बासरीचा सूर काही दिवस फुटेल, ओठांची ठेवण बदलते म्हणून. गुरुजींना आधी सांगून ठेवा, पहिल्या आठवड्यात रोज पाच-पाच मिनिटंच वाजवू द्या.

रानजाई | २० जानेवारी, सकाळी ८:१५

केतकीवन ताई, आठवा महिना चालू आहे. सुळा खाली उतरून रांगेत आलाय. आता वरून खाली लावायचे छोटे रबर दिले आहेत, जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर लावायचे, रोज नवे. ते तीच लावते, पिशवी तिच्या दप्तरात असते. मी विचारत नाही.

तुमच्या मुलासाठी ती शेजारी बसून सांगते आहे, मी जशीच्या तशी लिहिते:

"सोमवारी तार लावायच्या आधी पोटभर जेवून जा, कारण संध्याकाळी चावता येणार नाही. खुर्चीत तोंड उघडं ठेवून ओठ सुकतात, जाताना ओठांना तूप लाव. चिकटवताना निळा लाइट मारतात, तो दुखत नाही. मेण दप्तरात एक आणि घरी एक ठेव. दुसऱ्या दिवशी खूप दुखेल, तेव्हा आपलं हाड नवीन होतंय असं मनात म्हणायचं. रबराचा रंग पांढरा घेऊ नको, हळद लागते. मी जांभळा घेतला, मग काळा, आता हिरवा. चौथ्या दिवशी वडापावमधला वडा खाता येतो, पाव दुधात बुडवायचा. काही तुटलं तर लगेच सांग, ते परत चिकटवतात, दहा मिनिटं लागतात. आणि बासरी कशी वाजते ते आईला इथे लिहायला सांग."